निर्वात खंडक

निर्वात खंडक अर्थात व्हॅक्यूम इंटरप्टर म्हणजे सर्किट ब्रेकरमधील विद्युत प्रवाह प्रत्यक्ष तोडणारी बंदिस्त कुपी होय. ३.३ ते ३६ किलोव्होल्ट या मध्यम दाबाच्या श्रेणीत तिचा वापर सर्वत्र रूढ आहे. संपर्कांचा धातू, त्यांतील अंतर, चुंबकीय क्षेत्र आणि निर्वाताची गुणवत्ता यांवरून तिच्या कार्यक्षमतेच्या मर्यादा ठरतात.

रचना व कार्य

चिनी मातीच्या नळीत एक स्थिर व एक चल संपर्क समोरासमोर असतात. चल संपर्क धातूच्या लवचीक भात्याला जोडलेला असल्याने हालचाल होऊनही हवाबंदी भंगत नाही. संपर्क विलग होताच त्यांच्या धातूची वाफ होते व तिच्या आधारे विद्युत प्रज्योत टिकते. प्रत्यावर्ती प्रवाह शून्यावर येताच ही वाफ काही मायक्रोसेकंदांत विखुरते आणि प्रज्योत विझते. ५० हर्ट्झच्या प्रवाहात ही संधी सेकंदाला १०० वेळा येते. एकदिश प्रवाहात ती आपोआप येत नाही. तेथे प्रवाह शून्यावर आणणारा स्वतंत्र परिपथ जोडावा लागतो.

कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील सोरेन्सेन व मेंडेनहॉल यांनी या तत्त्वावरील प्रयोग १९२६ मध्ये प्रसिद्ध केले. मात्र वायुमुक्त धातू व टिकाऊ हवाबंद जोड साध्य होईपर्यंत व्यापारी उत्पादन शक्य झाले नाही.

प्रवाहाची मर्यादा

कमी प्रवाहाला प्रज्योत अनेक सूक्ष्म बिंदूंत विभागलेली असते. साधारण १० किलोअँपिअरच्या पुढे ती एका जागी एकवटते व तेथील धातू वितळतो. प्रवाह शून्यावर आला तरी दाट वाफ उरते आणि प्रज्योत पुन्हा पेटू शकते. यावर दोन उपाय आहेत: संपर्कांवर सर्पिलाकार खाचा पाडून प्रज्योत फिरती ठेवणे, किंवा अक्षीय चुंबकीय क्षेत्राने ती विखुरलेलीच राखणे.

विद्युत दाबाची मर्यादा

काही मिलिमीटरांच्या अंतरात निर्वात हा उत्कृष्ट विद्युतरोधक असतो. परंतु अंतर दुप्पट केल्याने सहनक्षमता दुप्पट होत नाही. त्यामुळे अतिउच्च दाबासाठी अनेक कुप्या एकसरीत जोडाव्या लागतात. या श्रेणीत सल्फर हेक्झाफ्लोराइड वायूचे खंडक रूढ आहेत; तथापि हा अत्यंत प्रभावी हरितगृह वायू असल्याने निर्वाताची दाबमर्यादा वाढविण्याचे प्रयत्न चालू आहेत.

प्रवाहछेदन

अल्प प्रवाह कधीकधी शून्यावर येण्यापूर्वीच अचानक तुटतो. अशा वेळी मोटर वा रोहित्राच्या वेटोळ्यात घातक अतिदाब निर्माण होतो. तांबे-क्रोमियम मिश्रणाच्या संपर्कांमुळे हा छेदनप्रवाह सुमारे ३ ते ५ अँपिअरपर्यंत मर्यादित राहतो; उरलेल्या अतिदाबासाठी तडितरोधक बसवितात.

आयुष्य व तपासणी

संपर्कांची झीज व भात्याचा थकवा यांनी आयुष्य ठरते. निर्वात नष्ट झाल्याचे बाहेरून दिसत नाही आणि बंद स्थितीत ब्रेकर नेहमीप्रमाणे प्रवाह वाहून नेतो. दोष उघड होतो तो प्रवाह तोडण्याच्या ऐन क्षणी. म्हणून संपर्क उघडे ठेवून त्यांमध्ये उच्च दाब देऊन ठरावीक काळाने चाचणी घेतात. या चाचणीत क्ष-किरण उत्सर्जित होऊ शकत असल्याने सुरक्षित अंतर राखणे आवश्यक असते.