गळाला न लागणाऱ्या पेशी

उंदराची प्लीहा असते जेमतेम दीड सेंटिमीटर लांब, चपटी, गडद लाल. प्रयोगशाळेत ती बारीक जाळीवर ठेवतात आणि सिरिंजच्या दट्ट्याने घासून घासून खाली उतरवतात. मग अमोनियम क्लोराइड घालून लाल पेशी फोडल्या की उरतं गढूळ पांढुरकं पाणी. त्यात पेशी असतात दहा कोटींच्या घरात, आणि त्यातल्या हव्या असतात अगदी थोड्या: एका ठरावीक विषाणूचा एक ठरावीक तुकडा ओळखणाऱ्या आणि त्याच्याशी आधी गाठ पडलेल्या टी स्मृतिपेशी.

त्या ओळखायच्या कशा? सगळ्या टी पेशी दिसायला सारख्याच. फरक असतो तो अंगावरच्या ग्राहक रेणूत. शिवाय हा ग्राहक नुसता विषाणूचा तुकडा ओळखत नाही. आपल्याच शरीरातल्या एमएचसी नावाच्या प्रथिनाने तो तुकडा समोर धरला, तरच ओळखतो. रॉल्फ झिंकरनागेल आणि पीटर डोहर्टी यांनी कॅनबेरात १९७०च्या दशकात हे उंदरांवरच दाखवलं. त्यासाठी वापरलेला विषाणू एलसीएमव्ही आजही या क्षेत्रातला हुकमी विषाणू आहे.

त्या दोघांना नोबेल मिळालं १९९६मध्ये, आणि त्याच वर्षी जॉन आल्टमन, मार्क डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी टेट्रामर जगापुढे आणला. कल्पना साधी आहे. तुकड्यासह एक एमएचसी रेणू टी पेशीला चिकटतो खरा, पण काही सेकंदांत सुटतो. म्हणून प्रत्येक रेणूच्या शेपटीला बायोटिन लावायचं आणि असे चार रेणू बायोटिनला धरून ठेवणाऱ्या स्ट्रेप्टॅव्हिडिन या प्रथिनाच्या चार खोबणींत बसवायचे. एक सुटला तरी बाकीचे धरून ठेवतात. वर फायकोएरिथ्रिन हे शैवालातलं चमकणारं रंगद्रव्य जोडायचं. झाला चार टोकांचा गळ. आमिष बदललं की मासाही बदलतो. आज एमरी विद्यापीठात अमेरिकी सरकारच्या पैशावर चालणारं एक केंद्र असे टेट्रामर बनवून संशोधकांना पुरवतं.

या गळाने पहिला दणका दिला तो मोजणीला. त्याआधी पेशी पातळ करून ताटलीतल्या खळग्यांत वाटायच्या आणि किती खळग्यांत वाढ होते ते पाहायचं, अशी पद्धत होती. त्या हिशेबाने संसर्गाच्या ऐन भरात फुगलेल्या सीडी८ नावाच्या टी पेशींपैकी फार थोड्याच विषाणूला ओळखणाऱ्या निघत. बाकीच्या गर्दीत उगाच चेतवल्या गेलेल्या, असं बरेच जण धरून चालले होते. १९९८मध्ये काजा मुरली-कृष्णा, रफी अहमद आणि सहकाऱ्यांनी एलसीएमव्ही झालेल्या उंदरांत टेट्रामर लावला, तर सक्रिय सीडी८ पेशींपैकी निम्म्याहून जास्त विषाणूच्याच निघाल्या. जुनी पद्धत फक्त ताटलीत वाढू शकणाऱ्या पेशी मोजत होती. बाकीच्यांना तिने बघ्यांत काढलं होतं.

सीडी४ या दुसऱ्या प्रकारच्या टी पेशींचं काम त्याहून चिकट. तिथे २००७मध्ये मिनेसोटा विद्यापीठात जेम्स मून आणि मार्क जेंकिन्स यांनी चुंबकाची जोड दिली. टेट्रामर लावलेल्या पेशींवर फायकोएरिथ्रिनला धरणारे सूक्ष्म चुंबकी कण सोडतात आणि ते पाणी चुंबकात बसवलेल्या बोटाएवढ्या कॉलममधून थेंबथेंब जाऊ देतात. नको त्या पेशी वाहून जातात. मग कॉलम चुंबकातून काढायचा, वर द्रावण ओतायचं आणि दट्ट्याने एका दमात दाबायचं. अडकलेल्या पेशी खालच्या नळीत. त्या फ्लो सायटोमीटरमध्ये लेसरसमोरून एकेक करून जातात. आधी बी पेशी आणि मॅक्रोफेज वगळायचे, कारण ते कशालाही चिकटतात. मग पेशीच्या अंगावरचं सीडी४४ हे प्रथिन पाहायचं: ते भरपूर असेल तर अनुभवी पेशी, कमी असेल तर कोरी. कधीच संसर्ग न झालेल्या उंदरात एका तुकड्याला ओळखणाऱ्या कोऱ्या पेशी अख्ख्या शरीरात २० ते २००च असतात, हे असं कळलं. मला तरी हा आकडा त्या निम्म्याहून जास्तच्या आकड्याहून थक्क करणारा वाटतो. संपूर्ण बचाव उभा राहतो तो एवढ्यांतून.

पण गळाला लागलं तेच मोजायचं ही खोड सुटलेली नाही. काही स्मृतिपेशी रक्तात फिरतच नाहीत. त्वचा, आतडं, गर्भाशय इथे ठाण मांडून बसतात. अवयव एन्झाइमने विरघळवून त्या सोडवायच्या, ही रूढ रीत. २०१५मध्ये मिनेसोटातच डेव्हिड मॅसोपस्ट यांच्या गटाने पेशी सोडवून केलेली मोजणी आणि ऊतींचे काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून केलेली मोजणी यांची तुलना केली. पहिल्या रीतीत बहुतेक पेशी हाती लागतच नव्हत्या. जास्त करून हातून निसटत होत्या त्या याच ठाण मांडलेल्या.

खुद्द टेट्रामरही निवड करतोच. ज्यांची पकड सैल त्या पेशी धुताना निघून जातात. एमरीतल्याच ब्रायन इव्हाव्होल्ड यांच्या गटाने २०११मध्ये दाखवलं की तोच तुकडा ओळखणाऱ्या, पण टेट्रामरला दाद न देणाऱ्या सीडी४ पेशी उंदरांत मोठ्या संख्येने असतात. त्यांनी एका काचनळीच्या टोकाला टी पेशी धरली, दुसऱ्या काचनळीच्या टोकाला एमएचसी लावलेली लाल रक्तपेशी. दोघींना टेकवायचं, ओढायचं, आणि लाल पेशीचं आवरण ताणलं जातं का ते पाहायचं. तेही पुन्हा पुन्हा, एकेका पेशीसाठी. दहा कोटी पेशींच्या प्लीहेसाठी हे परवडणारं नाही, म्हणून रोजच्या कामाला टेट्रामरच मागवले जातात.