दुकानातील लाकडी मांडणी : माप, लाकूड आणि पावसाळा

गोव्यातील खेड्यापाड्यांत स्वयंसाहाय्य गट व लहान कारागीर आता स्वतःची विक्रीकेंद्रे चालवू लागले आहेत. डिचोलीची मातीची भांडी, कुंकळ्ळीचे लाखकाम, आमसुले, काजू असा निरनिराळ्या जातीचा माल एकाच खोलीत मांडावा लागतो. तयार लोखंडी घडवंच्या त्यासाठी सोयीच्या पडत नाहीत, म्हणून मेस्त्रीकडून लाकडी मांडणी करवून घेतली जाते. गटाच्या बचतीचा मोठा वाटा एकदाच यात गुंततो. पहिल्याच पावसाळ्यात फळ्या वाकल्या व खण अडकले, तर तो पैसा वाया गेल्यासारखाच होतो.

बहुतेक ठिकाणी आधी भिंत मोजली जाते. वास्तविक आधी माल मोजावयास हवा. सर्वांत उंच मडके किती, सर्वांत जड वस्तू कोणती, रोज काय खपते, याची यादी झाल्यावरच कप्प्यांची उंची ठरवावी. अधिक खपाचा माल कमरेपासून डोळ्यांच्या उंचीपर्यंत, म्हणजे सुमारे अडीच ते पाच फुटांच्या दरम्यान असावा. जड माल खाली ठेवावा, मात्र जमिनीपासून सहा इंच वर, म्हणजे ओल लागत नाही व केरही काढता येतो. विक्रीचे टेबल तीन फूट उंच असावे आणि त्यामागे माणसाला वळता येईल इतकी, निदान अडीच फूट, जागा सोडावी.

फळीच्या लांबीविषयी मात्र काटेकोर राहावे. सारखा भार पसरलेली फळी दुप्पट लांब केली, तर तिचा झोळ दुप्पट नव्हे, सोळा पट वाढतो. उलट जाडी पाऊण इंचावरून एक इंच केली, तर झोळ निम्म्याहूनही कमी होतो. मडक्यांसाठी दर दोन फुटांवर आधार द्यावा आणि फळीच्या पुढील कडेला दीड इंचाची उभी पट्टी मारावी. तिने बळ येते व वस्तू घसरून पडत नाहीत.

लाकूड सागवान, फणस किंवा शिवणीचे घ्यावे. बाहेरील फिकट, कोवळा भाग भुंगा व वाळवी आधी खातात, म्हणून तो काढून टाकावा. स्वतःच्या परड्यातील फणस असला, तरी १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी घेतल्यावाचून तो तोडू नये.

लाकूड तंतूंच्या दिशेने जवळजवळ वाढत नाही. रुंदीत मात्र हवेतील ओलाव्याप्रमाणे फुगते व आकसते. एक फूट रुंदीची सागवानी फळी उन्हाळा व पावसाळा यांत दोन-तीन मिलिमीटर कमीजास्त होऊ शकते. मे महिन्यात घट्ट बसविलेला खण जुलैत उघडत नाही, त्याचे कारण हेच. चांगला मेस्त्री दाराची फळी चौकटीच्या खाचेत सरस न लावता मोकळी बसवितो आणि खणाच्या बाजूंना फट ठेवतो. गिऱ्हाइकाला ती फट पुष्कळदा कामातील उणीव वाटते. तशी ती नसते. पॉलिश पुढच्याप्रमाणेच मागच्या बाजूसही द्यावे, एरवी फळी एका अंगाने ओल शोषून वाकते.

चिऱ्याच्या भिंती सहसा काटकोनात नसतात. खोलीचे दोन्ही कर्ण मोजल्यावर फरक कळतो. म्हणून मांडणी सलग न करता दारातून आत नेता येतील अशा सुट्या घोड्यांत करावी, भिंतीपासून एक इंच दूर उभी करावी आणि कडेची पट्टी जागेवरच भिंतीच्या आकारात रंधून बसवावी. पूर्ण तयार झालेले कपाट दाराबाहेरच राहिल्याचे प्रसंग घडतात.

मेस्त्रीशी ठराव करताना लाकडाची जात, फळीची जाडी व पॉलिशचा प्रकार लेखी घ्यावा. काही रक्कम जुलैअखेरपर्यंत राखून ठेवण्याची अट दोघांनी आधीच मान्य केलेली बरी, म्हणजे पावसात अडकलेले खण तोच मेस्त्री येऊन रंधून देतो.