वर्गातले धुरंधर, पुस्तकातले धुरंधर

लेखमाला : चित्रकाराचा चरितार्थ – भाग ५

मागच्या भागात राजा रविवर्मा यांच्या छापखान्याची कथा पाहिली. १८९४ साली मुंबईत सुरू झालेल्या त्या शिळाप्रेसमुळे देवादिकांची रंगीत चित्रे घरोघरच्या भिंतींवर गेली. चित्रकाराचे काम आता एका कॅनव्हासपुरते आणि एका धनिकाच्या दिवाणखान्यापुरते उरले नाही. याच सुमारास पुस्तके आणि मासिकेही सचित्र होऊ लागली. मग ती चित्रे काढणारा माणूस जगत कसा होता? पोट कशावर भरत होते, छापखाना त्याच्याकडून काय मागत होता आणि या गडबडीत त्याच्या मोठ्या तैलचित्रांचे काय होत होते? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच आयुष्यात शोधायची, तर महादेव विश्वनाथ धुरंधर यांच्याकडेच वळावे लागते.

धुरंधरांचा जन्म १८६७ सालचा, कोल्हापूरचा. घराणे पाठारे प्रभूंचे. १८९० साली ते मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत विद्यार्थी म्हणून दाखल झाले आणि १८९६ मध्ये तिथेच शिक्षक झाले. १९१० मध्ये मुख्याध्यापक झाले, १९३० मध्ये काही काळ प्रभारी संचालकपदही त्यांनी सांभाळले. त्या खुर्चीवर बसलेले ते पहिले भारतीय. १९३१ मध्ये ते निवृत्त झाले. या काळाच्या आठवणी त्यांनी पुढे लिहून काढल्या. १९४० साली प्रसिद्ध झालेल्या त्या पुस्तकाचे नाव ‘कलामंदिरांतील एकेचाळीस वर्षे’. हिशेबाने पाहिले तर विद्यार्थी म्हणून आत गेलेला तरुण थेट निवृत्त होऊनच बाहेर पडला.

एकेचाळीस वर्षे सरकारी शाळेत काढलेला माणूस म्हटले की वेळापत्रक, हजेरीपट आणि परीक्षा डोळ्यांसमोर येतात. ते सगळे त्यांच्या वाट्याला आलेच. पण याच वर्षांत त्यांनी तैलचित्रे केली, जलरंगातली चित्रे केली, संस्थानिकांची कामे केली, मुंबईतल्या माणसांची पोस्टकार्डे केली आणि पुस्तकांसाठी व मासिकांसाठी चित्रे काढली. नोकरीने एक गोष्ट नक्की दिली : महिनाअखेरीस येणारा पगार. केवळ व्यक्तिचित्रांवर जगणाऱ्या चित्रकाराला गिऱ्हाइकाच्या दारी जावे लागे, त्याच्या लहरीप्रमाणे नाकडोळे सुधारावे लागत आणि पैशासाठी थांबावे लागे. पुस्तकातल्या लहान चित्रांवर घर चालवायचे तर ती ढिगाने काढावी लागत. धुरंधरांना ही दोन्ही कामे पगाराच्या आधाराने, आपल्या बेताने घेता आली.

शाळेने दुसरी गोष्ट दिली ती हाताची तयारी. धुरंधर शाळेत आले तेव्हा जॉन ग्रिफिथ्स तिथले प्रमुख होते. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्याचे काम कलाशाळेच्या विद्यार्थ्यांकडून वर्षानुवर्षे करून घेणारे ते हेच ग्रिफिथ्स. शिक्षणाचा साचा मात्र युरोपीय होता. आधी प्लास्टरच्या पुतळ्यांवरून रेखाटन, मग छायाप्रकाश, यथार्थदर्शन, वस्तुचित्र आणि पुढे जिवंत माणसावरून अभ्यास. देशी कलेच्या अभिमान्यांनी या साच्यावर पुढे कडक टीका केली, आणि तिच्यात तथ्यही होते. तरी पुस्तकासाठी चित्रे काढणाऱ्याला या शिक्षणाचा फार मोठा उपयोग होता. कोणत्याही कोनातून, कोणत्याही उजेडात, बसलेला, वाकलेला किंवा पळणारा माणूस समोर कोणी नसताना कागदावर उतरवता येणे, ही त्या कामाची पहिली अट असते.

ही अट धुरंधरांनी वर्गाबाहेर पुरी केली. त्यांची स्केचबुके आज संग्रहांत पाहायला मिळतात. रस्त्यावरची माणसे, घरातल्या बायका, डोक्यावरची ओझी, पागोट्यांचे प्रकार, बसण्याउठण्याच्या ढबी त्यांनी शिस्तीने टिपून ठेवल्या. पावसाळ्याची बेगमी करावी तसा हा साठा त्यांनी जमवला होता. प्रकाशकाचे काम आले की मॉडेल शोधत हिंडायला नको. १८९५ मध्ये ‘हॅव यू कम, लक्ष्मी?’ या चित्राला बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले, त्या वेळी ते अठ्ठाविसाव्या वर्षात होते. पदकाचे चित्र आणि पुस्तकातले चित्र एकाच निरीक्षणावर उभे होते. म्हणूनच त्यांच्या बाबतीत चित्रकार आणि कथाचित्रकार अशी वाटणी करायला गेले की ती टिकत नाही.

आता पुस्तकांकडे वळू. तीन पुस्तके शेजारी ठेवली की कामाचे तीन वेगळे प्रकार दिसतात.

पहिले ‘बायवेज ऑफ बॉम्बे’, १९१२ चे. लेखक एस. एम. एडवर्ड्‌स हे मुंबईचे पोलीस आयुक्त होते. शहराच्या गल्लीबोळांत, अफूच्या अड्ड्यांवर, सिद्दींच्या वस्तीत, गाणाऱ्या बायकांच्या माडीवर जे दिसले त्याची ही शब्दचित्रे. इथे चित्रकाराला कल्पना लढवायची नव्हती. वाचक मुंबईचाच असण्याची शक्यता मोठी, त्यामुळे चूक लगेच पकडली जाणार. जिना कसा, दिवा कुठे टांगलेला, टोपी कोणत्या जमातीची, हे सगळे अचूक हवे. स्केचबुकाचा खरा कस अशा कामात लागतो.

दुसरे ‘डेक्कन नर्सरी टेल्स’, लंडनच्या मॅकमिलनने १९१४ मध्ये काढलेले. लेखक सी. ए. किंकेड, सनदी अधिकारी. मराठी वाचकाला हे पुस्तक उघडताच घरी आल्यासारखे वाटेल. कारण त्यातल्या गोष्टी म्हणजे आपल्या श्रावणातल्या कहाण्या : वारावारांच्या, नागोबाच्या, महालक्ष्मीच्या. आटपाट नगराचा पत्ता कोणत्याही नकाशावर नाही. तिथला राजा कोणत्या शतकातला? त्याच्या राणीने कोणते लुगडे नेसावे? कहाणी सांगणाऱ्या आजीला हे प्रश्न कधी पडले नाहीत, ऐकणाऱ्या पोरांनाही नाहीत. चित्रकाराची मात्र त्यांतून सुटका नसते. त्याला काहीतरी नेसवावेच लागते, कुठेतरी उभे करावेच लागते. धुरंधरांनी आटपाट नगर आपल्याच मुलखाच्या आसपास वसवले. देव आले तरी ते ओळखीच्या घरांत, ओळखीच्या पोशाखातल्या माणसांत आले. इंग्रज मुलासाठी ती पऱ्यांची नगरी होती. कहाण्या ऐकत मोठा झालेला मराठी मुलगा मात्र त्या चित्रांत आपलीच माणसे पाहू शकत होता.

तिसरे ‘विमेन ऑफ इंडिया’, ऑटो रॉथफेल्ड यांचे, मुंबईच्या तारापोरवाला यांनी १९२० मध्ये प्रकाशित केलेले. हे रॉथफेल्डही सनदी नोकरीतले. देशभरच्या निरनिराळ्या जातीजमातींच्या स्त्रियांची पानभर रंगीत चित्रे हा या ग्रंथाचा मुख्य ऐवज. आज ही कल्पनाच खटकते. एक बाई म्हणजे तिच्या जातीचा नमुना, असे मानून माणसांची वर्गवारी मांडणे ही राज्यकर्त्यांची सवय होती आणि हे पुस्तक त्याच सवयीतून जन्मले. तो आक्षेप बाजूला ठेवता येत नाही. पण चित्रे जवळून पाहिली तर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. कासोटा कसा घातला आहे, पदर कोणत्या खांद्यावरून घेतला आहे, कोळणीचे लुगडे गुडघ्यापर्यंत का ओढलेले, पारशी बाईच्या साडीची नेसण वेगळी कशी, हे लेखकाला दुरून दिसत होते. चित्रकार त्या शहरात राहत होता. अशा जागी चित्राला मजकुरापेक्षा जास्त कळते.

तिन्ही लेखक इंग्रजी अमदानीचे अधिकारी, पुस्तकांची भाषा इंग्रजी आणि चित्रकार मराठी. त्या काळातल्या कलाव्यवसायाचे हेच वास्तव होते. चांगला कागद, चांगली छपाई आणि चांगला मोबदला देऊ शकणारा बाजार मुख्यतः इंग्रजी वाचकांचा होता. देशी भाषांत असा थाट उभा करण्याचा एक मोठा प्रयत्न मुंबईतच झाला. हाजी महंमद अलारखिया शिवजी यांनी १९१६ मध्ये ‘वीसमी सदी’ हे गुजराती मासिक सुरू केले आणि चित्रांवर सढळ हाताने खर्च केला. धुरंधरांची चित्रे त्या मासिकातही आली.

चित्रकाराच्या टेबलावरून निघालेला कागद वाचकाच्या हाती जसाच्या तसा पडत नसे. मध्ये ब्लॉक होता. निव्वळ काळ्या रेषांचे चित्र असेल तर जस्ताच्या पत्र्यावर लाइन ब्लॉक करत, आणि तो मजकुराच्या खिळ्यांबरोबर साध्या कागदावर छापता येई. पण करड्या छटांचे चित्र असेल तर हाफटोन लागे. बारीक आडव्याउभ्या रेघांची काच मध्ये धरून मूळ चित्राचा फोटो घेत. त्या जाळीतून सारे चित्र लहानमोठ्या ठिपक्यांत फुटे आणि डोळ्याला त्या ठिपक्यांतून छटेचा भास होई. जाळी जितकी बारीक, तितका कागद गुळगुळीत हवा. म्हणून अशी चित्रे आर्टपेपरवर वेगळी छापून मागाहून बांधणीत घालत. जुनी सचित्र पुस्तके चाळताना चित्राचे पान हाताला वेगळे लागते ते यामुळे.

या यंत्राचा चित्रकाराच्या हातावर थेट परिणाम होई. हाफटोनमध्ये शुभ्र पांढरा थोडा मळतो आणि गडद काळा थोडा फिका पडतो. छपाईत लहान होणाऱ्या चित्रातले नाजूक तपशील बुजतात. म्हणून उजेड आणि अंधार यांच्या मोठ्या, ठळक जागा आधीच ठरवाव्या लागत. मुख्य माणूस मागच्या गर्दीतून वेगळा उठून यावा लागे. रंगीत चित्र असेल तर पिवळा, लाल आणि निळा असे तीन ठसे एकावर एक बसवत. एखादा ठसा केसभर सरकला तरी ओठ गालावर जात. चित्रांची पाने महाग पडत, त्यामुळे अख्ख्या पुस्तकात ती मोजकीच असत. म्हणजे पाच-दहा पानांच्या गोष्टीतला कोणता एक क्षण निवडायचा, हा निर्णय आला. शेवट दाखवला तर गोष्टीतली उत्कंठा जाते. फार आधीचा क्षण घेतला तर चित्रात काही घडतच नाही. कथाचित्रकाराची बुद्धी या निवडीत दिसते.

हीच निवड त्यांच्या ऐतिहासिक चित्रांतही काम करते. शिवराज्याभिषेकाच्या त्यांच्या प्रसिद्ध दरबारचित्रात शंभरावर माणसे आहेत. एवढी गर्दी मांडायची म्हणजे रंगांच्या आधी रचनेचा प्रश्न. धुरंधरांनी सारी दृष्टी सिंहासनाकडे वळवली आणि पुढ्यात अदबीने वाकलेला इंग्रज वकील दाखवला. ६ जून १६७४ च्या सोहळ्याला ईस्ट इंडिया कंपनीचा हेन्री ऑक्झेंडन रायगडावर हजर होता, याला कागदपत्रांचा आधार आहे. इंग्रज सरकारच्याच नोकरीतल्या चित्रकाराने तो तपशील एवढ्या ठळक जागी घेतला. पाहणाऱ्याला दरबारातले शंभर चेहरे आठवत नाहीत, पण वाकलेला इंग्रज आठवतो. पानभर जागेत एक क्षण पकडण्याची सवय इथे मोठ्या कॅनव्हासला उपयोगी पडली.

कारकिर्दीच्या अखेरीस काम पुन्हा बदलले. नव्या दिल्लीत सचिवालयाची इमारत उभी राहिली आणि तिच्या भिंती सजवण्याची संधी १९२८ च्या सुमारास कलाशाळेच्या चित्रकारांकडे आली. धुरंधरांच्या वाट्याला विधी सदस्यांचे दालन आले; त्यांनी हिंदू आणि मुस्लीम कायद्याचे प्रसंग रंगवले. हातभर कागदावर गोष्ट सांगणारा हात साठीत भिंतभर गोष्ट सांगू लागला, आणि तीही न्यायनिवाड्यासारख्या बसून बोलण्याच्या विषयावर, जिथे हालचाल कमी आणि चेहऱ्यांवरचे भाव जास्त.

एवढ्या वेगवेगळ्या मागण्या पुरवणाऱ्या चित्रकाराकडे त्यांच्या हयातीतच काहीशा संशयाने पाहिले जाऊ लागले होते. बंगालमध्ये अवनींद्रनाथ टागोर आणि त्यांच्या शिष्यांनी युरोपीय वास्तववादाकडे पाठ फिरवून वेगळी वाट धरली होती. त्या बाजूने पाहणाऱ्यांना मुंबईचे वळण परके आणि हुकमी वाटे. पुढच्या आधुनिक पिढीला तर गोष्ट सांगणारे चित्रच जुनाट वाटू लागले. या लेखमालेची भूमिका वेगळी आहे. हुकमी काम म्हणून पुस्तकातली चित्रे खाली ठेवली, तर शंभर वर्षांपूर्वीच्या मुंबईतली माणसे कशी बसत, काय नेसत, डोक्यावरून काय वाहून नेत, याची इतक्या मायेने केलेली नोंद आपण आपल्या हाताने कलेच्या इतिहासाबाहेर टाकतो.

धुरंधरांच्या घरात हे काम पुढच्या पिढीनेही उचलले. त्यांची कन्या अंबिका धुरंधर (१९१२–२००९) वडिलांच्याच कलाशाळेत शिकल्या, १९३१ मध्ये पदविका घेऊन बाहेर पडल्या आणि चित्रकार झाल्या. त्यांनीही ‘माझी स्मरणचित्रे’ या पुस्तकात आपल्या आठवणी लिहिल्या. बापलेकीची ही दोन पुस्तके एकापाठोपाठ वाचली तर कलाशाळेचा वर्ग आणि चित्रकाराचे घर, दोन्हीकडचे दिवस कळतात.

पण पगाराचा आधारच नसेल तर? मडगावात १९१६ साली जन्मलेले दीनानाथ दलाल मुंबईत आले, त्यांनी मुखपृष्ठे आणि कथाचित्रे हाच व्यवसाय केला आणि १९४५ मध्ये स्वतःचे ‘दीपावली’ मासिक काढले. चित्रकारच संपादक आणि मालक झाला की चित्राचे आणि पैशाचे गणित कसे बदलते, ते पुढच्या भागात.