कडधान्यांतील प्रथिने आणि एक विद्यार्थिनी

इ. स. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी संपादन करून कमला भागवत यांनी बेंगळूरु येथील भारतीय विज्ञान संस्थेकडे प्रवेशासाठी अर्ज केला. वडील नारायणराव व चुलते माधवराव हे दोघेही याच संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ होते. गुण उत्तम होते. तथापि अर्ज नामंजूर झाला, तो केवळ अर्जदार स्त्री असल्यामुळे. कमलाबाईंनी संचालक सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांना समक्ष भेटून नकाराचे कारण विचारले. अखेर प्रवेश मिळाला, परंतु अटींवर. एक वर्ष परीक्षाधीन राहावयाचे, मार्गदर्शक सांगतील तेव्हा, प्रसंगी रात्रीही, काम करावयाचे, आणि संचालकांचे समाधान झाले तरच नियमित विद्यार्थिनी म्हणून मान्यता मिळावयाची.

श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली दूध, डाळी व कडधान्ये यांतील प्रथिनांचे संशोधन सुरू झाले. बी म्हणजे वनस्पतीने भावी रोपाला बांधून दिलेली शिदोरीच होय. अंकुराला हिरवी पाने फुटून तो स्वतः अन्न तयार करू लागेपर्यंत याच साठ्यावर त्याचे पोषण होते. शाकाहारी माणसाच्या आहारातही प्रथिनांचा मोठा आधार हाच. म्हणून ही प्रथिने कोणती आणि ती कितपत पचतात, या प्रश्नाशी गरीब घरांतील मुलांचे आरोग्य निगडित आहे. वर्षअखेर रामन यांचे समाधान झाले, आणि पुढे संस्थेचे दार इतर विद्यार्थिनींनाही उघडले. कमलाबाईंनी १९३६ साली एम. एस्‌सी. पदवी मिळविली.

पुढील अभ्यास केंब्रिज येथे झाला. तेथे बटाट्यासारख्या वनस्पतींच्या पेशी प्राणवायूचा वापर कसा करतात, हे त्यांनी तपासले. या क्रियेत ‘सायटोक्रोम सी’ हे लोहयुक्त प्रथिन इलेक्ट्रॉन पुढे पोचविते. प्राण्यांच्या श्वसनातही त्याचे हेच कार्य असते. अवघ्या चाळीस टंकलिखित पृष्ठांच्या प्रबंधावर त्यांना १९३९ मध्ये पीएच. डी. मिळाली.

१९४७ मध्ये विवाहानंतर कमला सोहोनी या नावाने त्या मुंबईच्या विज्ञान संस्थेत अध्यापन करू लागल्या, आणि कडधान्यांचा प्रश्न पुन्हा हाती आला. कित्येक कडधान्यांत ट्रिप्सिन या पाचक द्रव्याला अडविणारे घटक असतात. किडींपासून बियांचे रक्षण करण्यास ते उपयोगी पडतात. माणसाच्या पचनात मात्र अडथळा आणतात. शिजविल्याने त्यांचा प्रभाव बव्हंशी नाहीसा होतो. चुलीवर डाळ नीट शिजू देण्याच्या जुन्या रीतीमागे हे रसायन दडलेले आहे. ताडवर्गीय झाडांपासून मिळणाऱ्या नीरेच्या पोषणमूल्यांवरील संशोधनासाठी त्यांना पुढे राष्ट्रपती पुरस्कार लाभला.