नाईट झाल्यानंतरचे घर

रात्रपाळी सकाळी आठला संपते, असे ड्युटी लिस्टवर लिहिलेले असते. पण सकाळच्या सिस्टरला एकेका बेडची ओव्हर देऊन, औषधांचे कपाट मोजून देईपर्यंत पावणेनऊ होतात. घरी पोहोचायला सव्वानऊ. त्या वेळी घराघरांत दिवस सुरू झालेला असतो. दारात आलेली सून बारा तास काम करून आली आहे, हे कोणाला दिसत नाही. ती घरी आली, म्हणजे आता मोकळी झाली, असाच हिशेब असतो.

मी गोंदियात कॅज्युअल्टीत, म्हणजे अपघात व तातडीच्या विभागात, परिचारिका आहे. ज्या भगिनींच्या मुली आज नर्सिंगला जात आहेत, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. लग्न ठरवताना पगार विचारला जातो, ड्युटीची वेळ विचारली जाते. दिवसा झोपायला मिळेल का, हे मात्र कोणी विचारत नाही.

आमचा जिल्हा भाताचा. १९९९ साली तो भंडाऱ्यातून वेगळा झाला आणि २०१६ पासून येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. सालेकसा, देवरीकडच्या जंगलातल्या गावांतून रुग्ण गोंदियाला येतात, तसेच शेजारच्या बालाघाट आणि राजनांदगाव भागांतूनही येतात. पावसाळ्यात रोवणी सुरू झाली की सर्पदंश वाढतात. नाग किंवा घोणस चावली तर माणसाला बहुधा लगेच कळते. मण्यारीचे तसे नाही. ती रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, खूण जेमतेम दिसते, वेदनाही फारशी नसते. पोट दुखते म्हणून पहाटे आणलेल्या मुलाच्या पापण्या मिटू लागल्या की आमच्या पोटात गोळा येतो, कारण पुढची पाळी श्वासाची असते. अशा वेळी जवळ उभ्या असलेल्या सिस्टरची नजर ताजी असावी लागते.

आणि ती ताजी राहत नाही. १९९७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. सलग सतरा तास जागलेल्या माणसाचे हात आणि लक्ष जेवढे मंदावते, तेवढेच रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाचे मंदावते, असे त्यात दिसून आले. ज्या घरात दारूचे नावही घेतले जात नाही, त्या घरातली सून जागरणामुळे त्याच अवस्थेत रुग्णाला इंजेक्शन देत असू शकते.

माझ्यावर अशी वेळ आली होती. तेव्हा मी दुसऱ्या एका रुग्णालयात होते. लागोपाठ तिसरी नाईट होती आणि त्या दिवशी घरी पाहुणे आले होते. बिर्याणी झाली, भांडी झाली, आग्रह झाला. मी तासभर जेमतेम पडले. रात्री सर्पदंशाचा रुग्ण आला. विषावरच्या लसीच्या कुपीतली पूड प्रत्येकी दहा मिली पाण्यात विरघळवून सलाईनमध्ये सोडायची असते. डॉक्टरांनी दहा कुपी सांगितल्या होत्या. मध्येच मला आठवेना, सहा झाल्या की सात. सोबतच्या सिस्टरने मला थांबवले आणि ट्रेमधल्या रिकाम्या कुपी मोजल्या. आठ होत्या. अल्हम्दुलिल्लाह, रुग्ण पायी चालत घरी गेला. मी मात्र सकाळी घरी येऊन ओट्याशी उभी राहून रडले.

अम्मी म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांना सगळे सांगितले. त्या काहीच बोलल्या नाहीत. दुपारी जाग आली तेव्हा खिडकीला त्यांची जुनी काळी चादर टांगलेली होती आणि माझा मोबाईल त्यांच्या उशीखाली होता. शेजारच्या खाला आल्या तेव्हा त्या दारातच म्हणाल्या म्हणे, “हळू बोला, तिची रात्र आहे.”

तेव्हापासून महिन्याची ड्युटी लिस्ट स्वयंपाकघराच्या दारावर लागते. नाईटच्या दिवशी मुलीला तयार करून शाळेत सोडणे यांच्याकडे असते. पहिल्या महिन्यात वेण्यांवरून रोज रडारड व्हायची. आता त्या ठीक पडतात, थोड्या वाकड्या. दावत असेल तर माझ्या ऑफच्या दिवशी. जुहरची वेळ असरपर्यंत असते, म्हणून साडेतीनचा गजर लावून मी ती नमाज निवांत पढते. कठीण जाते ती फजर, कारण तीच वेळ वॉर्डातली सर्वांत जड. आम्ही दोघी सिस्टर असतो. ती माझे बेड दहा मिनिटे सांभाळते, मी तिला पहाटेच्या चहाला सोडते.

व्याख्यानांत आपण हजरत रुफैदा (रजि.) यांचे नाव अभिमानाने घेतो. खंदकच्या लढाईत जखमी झालेले हजरत सअद बिन मुआज (रजि.) यांना उपचारासाठी त्यांच्याकडे नेण्यात आले आणि प्रेषित (स.) येता-जाता त्यांची विचारपूस करीत. हे ऐकताना मला नेहमी वाटते, घरातल्या ‘रुफैदा’ला दुपारी बारा वाजता उठवून पोळ्या लाटायला लावणारेही याच सभेत बसलेले असतात. प्रेषित (स.) घरात असताना घरच्यांच्या कामाला हात लावीत, हे हजरत आयेशा (रजि.) यांनीच सांगितले आहे. आणि सूरह रूममध्ये अल्लाहच्या निशाण्यांत रात्रीच्या झोपेबरोबर दिवसाच्या झोपेचाही उल्लेख आहे. अम्मींनी हे एका तालीमच्या बैठकीत ऐकले आणि “दिवसा झोपणारी सून” म्हणणाऱ्या खालांना दुसऱ्याच दिवशी ऐकवले.

सगळे सुरळीत झाले असे नाही. आठवडाभराच्या नाईटनंतर दोन दिवस मी चिडचिडी असते. मुलगी माझा चेहरा पाहून मगच जवळ येते, आणि ते मला टोचते. रमजानमध्ये तोंडात खजूर ठेवला आणि बाहेर ॲम्ब्युलन्सचा आवाज आला, असे दरवर्षी होते. ईदला सुट्टी मिळते ती सहकारी सिस्टर माझी पाळी घेते म्हणून. दिवाळीत मी तिची करते.

या महिन्याची लिस्ट काल लागली. बारा तारखेपासून सहा नाईट आहेत. अम्मींनी त्या सहा दिवसांवर पेन्सिलने गोल केले आणि तेरा तारखेच्या दावतीसाठी नणंदेला फोन लावला, “वीसनंतर ये बेटी, तेव्हा भाभीही सोबत जेवेल.”