आरएक्स-7 आणि 60 हजार मैलांची अफवा

‘‘रोटरी इंजिन ना? 60 हजार मैलांत बसतंच ते.’’ माझदा आरएक्स-7 चं नाव काढलं की हे वाक्य आलंच. अमेरिकेतल्या मराठी मंडळींच्या पंगतीत मी ते ऐकलंय, पुण्यात गाड्यांच्या शौकिनांकडून ऐकलंय. सांगणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ते इंजिन उघडलेलं सोडाच, चालू असताना जवळून पाहिलेलंही नसतं. एरवी असल्या वाक्यांकडे काणाडोळा केला असता, पण या एका समजुतीपायी चांगली इंजिनं भंगारात जातात. मरणारच आहे म्हणून कोणी निगा राखत नाही, निगा नाही म्हणून ते मरतं, आणि मग ‘बघा, म्हटलं नव्हतं?’ असं म्हणायला सगळे मोकळे.

गाडी कोणती ते आधी सांगतो. 1991 ते 2002 या काळात जपानमध्ये बनलेली, तिसऱ्या पिढीची आरएक्स-7. शौकीन तिला ‘एफडी’ म्हणतात. ‘द फास्ट अँड द फ्युरियस’ या पहिल्या चित्रपटात दिसणारी लाल गाडी हीच, ‘टोकियो ड्रिफ्ट’मधली नारिंगी-काळीही हीच. वजन साधारण 1,300 किलो, आणि अमेरिकी मॉडेलची ताकद 255 अश्वशक्ती. अमेरिकेत ती 1993 ते 1995 या तीनच मॉडेल-वर्षांत अधिकृतपणे विकली गेली. पण 25 वर्षं पूर्ण झालेल्या परदेशी गाडीला तिथले सुरक्षा-नियम आड येत नाहीत, त्यामुळे 2016 पासून उजव्या स्टिअरिंगच्या जपानी एफडीही तिथे उतरू लागल्या. आज त्यातल्या कित्येक घरच्या गॅरेजात स्टँडवर चढवलेल्या, अर्धवट उघडलेल्या असतात आणि मालक नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी त्यांच्याशी झुंजत असतो. हे सगळं त्याच्यासाठी लिहितोय.

अफवेला मुळीच आधार नाही असंही नाही. जर्मनीच्या एनएसयू कंपनीनं 1967 मध्ये रो 80 ही रोटरी इंजिनाची गाडी काढली. युरोपात तिला वर्षातल्या सर्वोत्तम गाडीचा मान मिळाला, पण इंजिनातल्या सील इतक्या लवकर झिजू लागल्या की वॉरंटीत इंजिनं बदलून देता देता कंपनी जेरीस आली. 1969 मध्ये ती फोक्सवॅगनच्या छत्राखाली गेली. माझदानंही हे भोगलं होतं. तिथले अभियंते केनिची यामामोतो यांच्या चमूला सुरुवातीच्या इंजिनांत, रोटर ज्यात फिरतो त्या हाउसिंगच्या आतल्या भिंतीवर लाटांसारख्या खुणा उमटलेल्या दिसत. ‘सैतानाच्या नखांचे ओरखडे’ असं त्यांचं नाव पडलं होतं. कार्बनयुक्त सील तयार करून त्यांनी तो प्रश्न सोडवला आणि मग 1967 ची कॉस्मो स्पोर्ट बाजारात आली. पुढे आरएक्स-8 च्या वेळीही माझदाला अमेरिकेत सुरुवातीच्या गाड्यांच्या इंजिनाची वॉरंटी 8 वर्षं किंवा 1 लाख मैलांपर्यंत वाढवून द्यावी लागली. तेव्हा रोटरीत दुखणं आहे, हे कबूलच आहे. ते नेमकं कुठे आहे, एवढं मात्र कोणी विचारत नाही.

रोटरीत पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाहीत, टायमिंग बेल्ट नाही. फुगीर बाजूंचा त्रिकोणी रोटर मध्ये किंचित चेपलेल्या लंबगोल हाउसिंगमध्ये फिरतो. त्याच्या तीन टोकांवर तीन पट्ट्या असतात, त्या एपेक्स सील. एफडीच्या 13बी इंजिनात दोन रोटर, म्हणजे अशा पट्ट्या सहा. पिस्टनच्या इंजिनात सिलिंडरच्या भिंतीवर खालून, क्रँककेसमधून तेल उडत राहतं आणि रिंगांना ते मिळतं. एपेक्स सीलला अशी सोय नाही. म्हणून माझदानं एक छोटा पंप दिला, तो इंजिनातलंच तेल थेंबाथेंबानं आत सोडतो. ते तेल पेट्रोलबरोबर जळतं, आणि ते जळायलाच हवं.

आपल्याकडचा मिस्त्री ‘ऑइल खाते’ ऐकलं की इंजिन बांधायला काढतो. पिस्टनच्या इंजिनापुरतं त्याचं बरोबर आहे. रोटरीत मात्र ऑइल अजिबात कमी होत नसेल तर काळजी करावी, कारण तो पंप किंवा त्याच्या नळ्या काम करत नसण्याची शक्यता असते. बजाज चेतक चालवलेल्या माणसाला हे समजायला अडचण नसावी. त्यात पेट्रोलबरोबर टू-टी ऑइल टाकत होतो, तेव्हा ‘जळतंय’ म्हणून कोणी ओरडत नव्हतं. कित्येक आरएक्स-7 वाले आजही टाकीत थोडं टू-स्ट्रोक ऑइल मिसळतात, कारण इंजिन ऑइलपेक्षा ते स्वच्छ जळतं. पेट्रोल भरताना डिपस्टिक बघायची सवय लावून घेतली की पुरे. निळ्या धुराचे लोट निघत असतील तर प्रकरण वेगळं. तिथे रोटरच्या ऑइल सील किंवा टर्बोच्या सील तपासायला हव्यात.

मग ही इंजिनं मरतात कशानं? नॉकिंगनं, म्हणजे आतलं मिश्रण अनियंत्रितपणे धडाक्यात पेटल्यानं, आणि उष्णतेनं. थोडंफार नॉकिंग पिस्टनचं इंजिन सोसून नेतं. एपेक्स सील अशा एखाद्या झटक्यातच तडकू शकते. तुटलेला तुकडा हाउसिंग खरवडतो आणि एग्झॉस्टमधून बाहेर पडताना टर्बोची पातीही घेऊन जातो. हे नॉकिंग फार वेळा मालकानं स्वतःच्या हातानं, हौसेनं ओढवून घेतलेलं असतं.

इथे माझा संयम संपतो. ‘‘काही नाही, फक्त सायलेन्सर आणि एअर फिल्टर बदललाय, इंजिनाला हातसुद्धा लावला नाही,’’ असं छातीठोकपणे सांगणारे भेटतात. एफडीत हा इंजिनाला लावलेला हातच आहे. तिला दोन टर्बो असतात. पहिला खालच्या वेगात चालतो, साधारण 4,500 आरपीएमला दुसरा त्याला येऊन मिळतो. कारखान्यातून बूस्ट, म्हणजे टर्बोंनी हवेला दिलेला दाब, सुमारे 10 पीएसआयला बांधलेला असतो, आणि जास्तीचा वायू वळवणारा वेस्टगेट कारखान्याच्याच कोंदट एग्झॉस्टच्या हिशेबानं छोटा ठेवलेला. टर्बोला जोडलेल्या डाउनपाइपपासून मागच्या टोकापर्यंत सगळं मोकळं केलं की तेवढा वायू वळवणं त्या वेस्टगेटला झेपत नाही. बूस्ट आपोआप चढत जातो. कारखान्याचा ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, इतक्या हवेला पुरेल असं पेट्रोल देण्यासाठी बनवलेलाच नाही. हवा जास्त, पेट्रोल कमी, आणि पुढचं नॉकिंग ठरलेलं.

माझदानं यावर शेवटचा पहारेकरी बसवला होता. बूस्ट मर्यादेपलीकडे गेला की ईसीयू पेट्रोलच तोडतो. गाडी झटका खाते, पण इंजिन वाचतं. लोकांनी काय करावं? त्या ईसीयूला फसवणारी डबी बाजारात मिळते, ‘फ्युएल कट डिफेंडर’ या नावानं, आणि ती बसवून घेतात! मग सील तुटली की दोष रोटरीचा जनक फेलिक्स वांकेलच्या संकल्पनेला.

उष्णतेचंही तसंच. दोन टर्बो, त्यांचे पाइप आणि इंजिन एवढ्याशा बॉनेटखाली कोंबलेले. मूळ रेडिएटर पातळ. कूलंटमधली हवा वेगळी करणारी टाकी प्लास्टिकची, आणि तीस वर्षं उष्णता खाल्लेलं प्लास्टिक शिवणीवर फुटतं. त्यात मूळ टेम्परेचर काटा फसवा आहे. बऱ्याच मोठ्या पट्ट्यात तो मध्यावरच बसून राहतो, आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. हाउसिंगच्या मधल्या कूलंट सील त्या उष्णतेत गेल्या की पाणी आत शिरतं. सकाळी सुरू करताना पांढरा धूर, कूलंटमध्ये बुडबुडे, पातळी कारणाशिवाय खाली, ही त्याची लक्षणं. हे इंजिन ‘रोटरी आहे म्हणून’ गेलेलं नसतं. एका जुन्या प्लास्टिकच्या टाकीपायी गेलेलं असतं.

म्हणून घरी काम काढणाऱ्याला माझं सांगणं क्रमाबद्दल आहे. ताकद सर्वांत शेवटी. आधी जाड ॲल्युमिनियमचा रेडिएटर, ॲल्युमिनियमची टाकी, नवे होज आणि खरा आकडा दाखवणारे पाण्याचे व ऑइलचे मीटर. मग पहिल्या टर्बोला दुसरा जोडणाऱ्या यंत्रणेच्या रबरी व्हॅक्यूम नळ्या. इनटेकखाली डझनांनी असतात आणि आज बहुतेक कडक होऊन तडकलेल्या आहेत. त्या सिलिकॉनच्या घालायच्या, एक काढली की तिथेच दुसरी लावायची, खुणेची चिठ्ठी बांधून. सगळ्या एकदम काढून टेबलावर ठेवणाऱ्याला मी शुभेच्छाही देत नाही. त्यानंतर पेट्रोलचा पंप, फिल्टर आणि साफ करून तपासलेले इंजेक्टर. मग प्रोग्रॅम करता येणारा ईसीयू आणि रोटरी जाणणाऱ्या ट्यूनरकडे डायनोवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, एक दिवस. एवढं झाल्यावर एग्झॉस्ट खुशाल मोकळा करा. मात्र रस्त्यावर चालवायच्या गाडीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढणं अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात बसत नाही, हे दुकानदार सांगत नाहीत, म्हणून मी सांगतो.

गाडी विकत घेतानाची एक फसवणूक याच अफवेवर पोसली जाते. विकणारा साधा कॉम्प्रेशन गेज लावतो, मोठा आकडा दाखवतो आणि ‘बघा, ठणठणीत’ म्हणतो. साध्या गेजमधला व्हॉल्व्ह सर्वांत मोठा दाब धरून ठेवतो. रोटरला बाजू तीन. त्यातल्या दोन कमजोर असल्या तरी तो तिसरीचाच आकडा दाखवणार. रोटरीसाठीचा खास टेस्टर हवा, इंजिन गरम हवं, प्रत्येक रोटरचे तीन असे सहा आकडे हवेत, आणि ते 250 आरपीएमच्या हिशेबात आणून वाचायला हवेत, कारण माझदाच्या मॅन्युअलमधली मर्यादा त्या वेगाची आहे. सहा आकडे एकमेकांच्या जवळ असणं हे एका मोठ्या आकड्याहून मोलाचं. याच तपासणीत उलटी चूकही होते. बॅटरी अशक्त, स्टार्टर मंद, म्हणून आकडे कमी येतात आणि चांगलं इंजिन ‘गेलं’ ठरतं.

रोटरीच्या बाजूनं बोलणाऱ्यांचीही एक सवय मला पटत नाही. कोणी शंका काढली की ते 1991 ची ल मां शर्यत पुढे करतात. माझदाची 787बी तिथे 24 तास पळाली आणि जिंकली, ही गोष्ट खरी आणि अभिमानाची आहे. पण ते चार रोटरचं, टर्बो नसलेलं, सिरॅमिक सीलचं शर्यतीचं इंजिन होतं. त्यावरून तुमच्या गॅरेजातल्या तीस वर्षांच्या ट्विन टर्बोबद्दल काहीच सिद्ध होत नाही. टोयोटा सुप्राचं सहा सिलिंडरचं टूजेझी इंजिन हयगय जास्त सोसतं, हे मान्य करण्यात कमीपणा कसला? रोटरी हयगय सोसत नाही, आणि तिची मागणी फार मोठी नाही.

आता बाकीच्या समजुती भराभर उरकतो. ‘1.3 लिटरचं इंजिन, मग ॲव्हरेज का देत नाही?’ 654 सीसीचे दोन रोटर मिळून 1,308 सीसी हा कागदावरचा आकडा आहे. जपानचा वाहनकरसुद्धा रोटरीची क्षमता दीडपट धरतो. ‘8,000 आरपीएमला नेलं की फाटेल.’ शाफ्टच्या तीन फेऱ्यांत रोटरची एकच फेरी होते, म्हणजे तेव्हा रोटर 2,700 च्याही खाली फिरत असतो. कायम हळू चालवून साचणारा कार्बन जास्त घातक. ‘रोटरी काढून व्हीएट इंजिन टाकलं की गाडीचा तोल जातो.’ ॲल्युमिनियमचा व्हीएट समजतात तेवढा जड नाही, पण गिअरबॉक्स, वायरिंग, कूलिंग सगळं नव्यानं करावं लागतं, तेव्हा तो सोपा उपाय म्हणून कोणी विकू नये. ‘जुन्या गाडीचे पार्ट मिळत नाहीत.’ माझदा स्वतःच आरएक्स-7 चे काही बंद झालेले पार्ट पुन्हा बनवून विकते. ‘अमेरिकेतली एफडी पुण्याला घेऊन ये.’ तीन वर्षांहून जुनी, वापरलेली अशी गाडी भारताच्या आयात नियमांत बसत नाही. ‘जॅकवर आहे, दोन मिनिटांचं काम आहे.’ नाही! स्टँड लावल्याशिवाय गाडीखाली डोकं घालू नका.

आणि शेवटची, जिच्यापायी नवे मालक रात्रभर झोपत नाहीत: ‘‘गाडी फक्त गॅरेजाबाहेर काढली, लगेच बंद केली, आता सुरूच होत नाही. इंजिन गेलं.’’ बहुधा गेलेलं नसतं. थंड रोटरी जादा पेट्रोल घेते, आणि गरम होण्याआधी बंद केली की ते पेट्रोल सीलवरचं तेल धुऊन काढतं, कॉम्प्रेशन घटतं. पेट्रोलचा फ्यूज काढा, चारही प्लग काढा, इग्निशन तोडून आणि जवळपास ठिणगी नसल्याची खात्री करून थोडं क्रँक करा म्हणजे साचलेलं पेट्रोल उडून जाईल. प्लग वाळवून परत बसवताना प्रत्येक रोटरच्या लीडिंग आणि ट्रेलिंग प्लगची अदलाबदल होऊ देऊ नका. त्यांची हीट रेंज वेगळी असते. बॅटरी पूर्ण चार्ज करून पुन्हा स्टार्टर मारा. सुरू झाली की काटा वर येईपर्यंत बंद करू नका.