भाकरी सगळ्यांची, मग चूल एकटीची का?

आज आपण संध्याकाळच्या स्वयंपाकावर बोलू. विषय रोजचाच आहे, पण तो कुठंकुठं आडवा येतो ते आम्हाला उशिरा कळलं.

आमच्या बचत गटाची बैठक संध्याकाळी सहाला भरते. दुपारी ठेवावी तर रोजगार बुडतो. हप्ते जमा झाले, वहीत नोंद झाली आणि कर्ज कुणाला द्यायचं हा विषय निघाला, की निम्म्या जणी पदर सावरून उठायच्या. "भाकरी थापायच्यात, माणसं रानातून आली असतील." उरलेल्या चौघीजणी निर्णय घ्यायच्या. एकदा एकीला दोन शेळ्यांसाठी कर्ज हवं होतं. तिचा विषय निघाला तेव्हा ती घरी चुलीपुढं होती. विषय पुढच्या महिन्यावर गेला आणि तोवर शेळ्या दुसऱ्यानं नेल्या. गटाकडं पैसे होते. तिच्याकडं अर्धा तास नव्हता.

हे आपल्याच गावात घडतं असं नाही. केंद्र सरकारनं २०१९ साली देशभर पाहणी केली, कोण कशात किती वेळ घालवतो याची. तेव्हा घरकाम करणाऱ्या बाईची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जात होती, म्हणजे जवळजवळ पाच तास. पुरुषांमध्ये शंभरात २६ जणच घरकामाला हात लावत होते आणि तेही सरासरी ९७ मिनिटं. आपले पाच तास कुठल्याच हिशेबाच्या वहीत चढत नाहीत.

मग आम्ही घरोघरी कामं वाटायचं ठरवलं. पण पहिल्या महिन्यात एक चूक झाली. आमचं ओझं उतरलं आणि लेकीच्या डोक्यावर गेलं. आई बैठकीला, पोरगी चुलीपुढं, पोरगा क्रिकेट खेळायला! दहावीतल्या एका मुलीनं सरळ विचारलं, "आई, माझा अभ्यास कोण करणार?" तेव्हा डोळे उघडले. बाईचं काम दुसऱ्या बाईला देणं म्हणजे वाटणी नव्हे. वाटणी करायची तर घरातला प्रत्येक जण त्यात हवा.

आता आम्ही असं करतो. लहान मुलं लसूण सोलतात, ताटं-पाणी घेतात. त्यांना विळी आणि विस्तवापासून लांब ठेवायचं. मोठी मुलं, मुलगा असो की मुलगी, कांदा चिरतात, तांदूळ धुतात. सासूबाई बसल्याजागी मेथी निवडतात. दळण आणणं, सरपण फोडणं आणि कालवण करणं मालकांकडं. भाकऱ्या आपण थापतो तोवर दुसऱ्या बाजूला कालवण होतं. जेवण झाल्यावर ज्यानं त्यानं आपलं ताट घासायचं.

नवख्या माणसाला पिठल्यापासून सुरुवात करू द्या. तेलात मोहरी, जिरं, लसूण, मिरची, कांदा परतायचा, हळद घालायची. वाटीभर बेसनाला साधारण तीन वाट्या पाणी. थोड्या गार पाण्यात बेसन आधी कालवून घ्यायचं, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. बाकीचं पाणी फोडणीत घालून उकळलं की कालवलेलं बेसन ओतायचं, मीठ टाकायचं, ढवळत राहायचं आणि झाकण ठेवून वाफ आणायची. पहिल्या दिवशी गुठळ्या झाल्याच, तर हसू नका. गुठळ्यांचं पिठलंही भाकरीबरोबर खाता येतं. हसलात तर दुसऱ्या दिवशी माणूस चुलीकडं फिरकणार नाही.

"बाप्या माणसानं चुलीपुढं बसायचं?" असं सासूबाई म्हणतीलच. त्यांना गावचा सप्ताह आठवून द्या. तिथं मोठमोठ्या कढयांत अख्ख्या गावाची आमटी कोण ढवळतं? गडीमाणसंच ना? गावासाठी केलं तर सेवा, मग घरासाठी केलं तर कमीपणा कसा?

आणखी एक सांगतो. "सांगशील ते करतो" एवढ्यानं भागत नाही. डाळ संपली का, उद्या डब्याला काय, पीठ जुनं होऊन त्याची विरी गेली का, हे सगळं आपल्याच डोक्यात राहिलं तर निम्मं ओझं तसंच राहतं. म्हणून वार ठरवून द्या. आमच्यातल्या काही घरी बुधवार मालकांचा असतो. काय करायचं आणि त्याला काय लागतं, हे त्यांनीच बघायचं. आपण मध्ये बोलायचं नाही. हे आम्हालाच जास्त अवघड गेलं!

सगळ्या घरांत हे जमलं असं नाही. दोन घरांत अजून कुरकुर आहे. पण गेल्या बैठकीत कर्जाचा विषय निघाला तेव्हा आम्ही अकराच्या अकरा जणी बसलेल्या होतो. शेळ्यांचं कर्जही त्याच बैठकीत मंजूर झालं.

तुम्हीही या आठवड्यात एक वार ठरवा. पुढच्या बैठकीला किती जणी शेवटपर्यंत बसल्या, ते गटाच्या वहीत लिहून ठेवा.